दहावा माणूस

संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "काका, गाइड म्हणून आलेले गमतीदार अनुभव लिहा. दिवाळी आहे, जरा हलकंफुलकं असू द्या." मी हो म्हटलं आणि चार दिवस कागद घेऊन बसलो. गमती आठवल्या, नाही असं नाही. पण प्रत्येक गंमत लिहायला घेतली की कपाळाची शीर उडायला लागे. तेव्हा बाई, माफ करा. माझं वय एकाहत्तर आहे, रक्तदाबाची गोळी सकाळी घेतलेली आहे, आणि जे लिहिणार आहे ते रागानेच लिहिणार आहे.

मी आयझॅक. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू. आमचे पूर्वज कधीकाळी गलबत फुटून अलिबागजवळच्या किनाऱ्याला लागले असं आम्ही पिढ्यान् पिढ्या सांगत आलोय. गावोगाव त्यांनी तेलाचे घाणे टाकले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आमची प्रार्थना हिब्रूत, भांडणं मराठीत. जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणायची. माझ्या आजोबांचं नाव हसाजी होतं. हे सगळं मी गेली चौदा वर्षं आठवड्यातून दोन-तीनदा सांगतो. शनिवार सोडून.

आधी मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. कारखाना बंद पडला. घरी बसलेलो असताना एक दिवस सिनेगॉगच्या दारात एक परदेशी जोडपं उभं दिसलं. आत जायला मिळेल का, विचारत होतं. मी त्यांना आत नेलं, मग कबरस्तानात नेलं, मग घरी जेवायला नेलं. त्यांनी कुणाला तरी सांगितलं, त्या कुणीतरी आणखी कुणाला. असा मी गाइड झालो. माझी फेरी ठाण्यात सुरू होते. सिनेगॉग, तिथून कबरस्तान, मग जुन्या वस्तीतली दोन घरं. दुपारी घरचं जेवण आणि मलिदा, म्हणजे भिजवलेल्या पोह्यांत गूळ, खोबरं आणि फळं घालून केलेला आमचा नैवेद्य. मग गाडीने ठाकुर्ली, आणि शेवटी कल्याणला खाडीच्या बाजूचं आमचं लहानसं कबरस्तान.

लोकांना वाटतं गाइडचं काम माहिती सांगणं. माहिती फोनवर मिळते. गाइडला माहीत असावं लागतं ते किल्ली कुणाकडे आहे, बायकांना जाता येईल असं शौचालय कुठे आहे, आणि कोणत्या माणसाला कुठल्या जागी गप्प करायचं. हे तिसरं मला कधीच नीट जमलं नाही.

घोडबंदर रोडच्या एका टॉवरमधली मंडळी 'हेरिटेज वॉक'ला आली होती. त्यातली एक बाई ठाण्याच्या कबरस्तानात एका कबरीवर मांडी घालून बसली आणि मैत्रिणीला म्हणाली, "अगं, लाइट मस्त आहे, घे ना." मी म्हटलं, "ताई, उठा." ती म्हणाली, "काका, दोन मिनिटं, रील आहे." मी म्हटलं, "खाली माझे सख्खे मामा आहेत. त्यांनी आयुष्यात बायकोलासुद्धा मांडीवर बसू दिलं नाही." सगळे हसले. तीही हसली, आणि बसूनच राहिली. मग मी अख्खा घोळका बाहेर काढला आणि फाटकाला कुलूप घातलं. त्यांनी नंतर इंटरनेटवर लिहिलं, गाइड उद्धट आहे. खरं आहे.

दुसरा प्रकार राजकारणाचा. तिकडे लढाई पेटली की इकडे माझ्याकडे हिशेब मागायला माणसं येतात. एक म्हणतो, "काका, तुमच्या देशाने काय धुतलंय, पेढे कुठेत?" दुसरा म्हणतो, "तुमच्या देशाने लहान मुलं मारली, त्याचं काय?" अरे, माझा देश म्हणजे मी पाणीपट्टी कुठे भरतो ते बघ ना. ठाण्यात भरतो. मेलेल्या मुलांचं मलाही वाईट वाटतं, दोन्हीकडच्या. पण ते वाटायला मी आधी कुणाची तरी परवानगी काढायची, हे कुठून आलं?

पण खरा राग यातल्या कशाचाच नाही. आता तो सांगतो.

तीन वर्षांपूर्वी इस्राएलहून एक गट आला. नऊ पुरुष, सगळे साठीच्या पुढचे, एकाच गावातल्या एकाच सिनेगॉगचे. त्यांचा एक पुढारी होता. काळा कोट, पांढरी दाढी, अतिशय सभ्य माणूस. बाकीच्यांत कुणाचे आईवडील मोरोक्कोचे, कुणाचे पोलंडचे. आणि एक होता दानिएल. तो आमचाच, ठाकुर्लीत जन्मलेला. गटाला खरं तर त्यानेच आणलं होतं.

विमानतळावर त्याने मला मिठी मारली आणि म्हणाला, "आयझ्या, वळखलंस का?"

मी ओळखलं नाही, पण भाषा ओळखली. दानिएल बाराव्या वर्षी गेला. त्याचं मराठी बारा वर्षांच्या पोराचंच राहिलं होतं. चेहरा म्हाताऱ्याचा आणि तोंडात "आय", "गोट्या", "लय मजा". आम्ही ठाकुर्लीच्या रेल्वेच्या चाळीत शेजारी होतो. त्याची आई साराबाई रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होती. चाळीतल्या निम्म्या पोरांची बाळंतपणं तिनेच केली, माझंही. माझी आई सांगायची, दवाखान्यात न्यायला वेळच मिळाला नाही, साराबाईने खोलीतच मला बाहेर काढलं आणि पितळेच्या परातीत आंघोळ घातली. साराबाई दानिएल दहा वर्षांचा असताना कावीळ होऊन गेली. तिला कल्याणच्या कबरस्तानात पुरलं. दोन वर्षांनी बाप पोरांना घेऊन इस्राएलला गेला. त्यानंतर दानिएल परतला तो या गटाबरोबरच.

त्याला आईच्या कबरीवर कद्दिश म्हणायचं होतं. कद्दिश म्हणजे मेलेल्या माणसासाठी मुलाने किंवा जवळच्या कुणी म्हणायची प्रार्थना. ती एकट्याने म्हणता येत नाही. दहा ज्यू पुरुष हजर लागतात, तेरा वर्षांवरचे. नऊ असतील तर नाही. आमच्याकडे देव भेटतो, पण कोरम लागतो. दानिएलने फोनवरच सांगितलं होतं, "आम्ही नऊ जण हाओत. तू दहावा."

गाडी अल्बर्टची होती. अल्बर्ट डोंबिवलीचा, पन्नाशी उलटलेला. माझ्या फेऱ्यांना गाडी नेहमी त्याचीच असते आणि पावसाळ्यानंतर कल्याणच्या कबरस्तानातलं गवतही तोच कापतो. त्याचे वडील आमच्यातले. आई खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, शेवटपर्यंत एकवीरेला जाणारी. आमच्यात धर्म आईकडून येतो. त्यामुळे अल्बर्ट नियमाने ज्यू नाही. पण शनिवारी गाडी काढत नाही.

आधी ठाकुर्लीला गेलो. चाळ अजून उभी आहे. साराबाईंच्या खोलीत आता कांबळे राहतात, बौद्ध कुटुंब, नवरा रेल्वेतच. आमच्या दाराच्या उजव्या चौकटीला मेजुजा असतो, म्हणजे बोटभर लांब डबी, आत प्रार्थनेची गुंडाळी, तिरकी ठोकलेली. घर सोडताना ती काढून नेतात. साराबाईंच्या चौकटीवर दोन भोकं आणि मध्ये रंगाचा एक तिरका जुना पट्टा अजून आहे. कांबळेवहिनी म्हणाल्या, "आम्ही रंग मारतो ना, तेवढं सोडून मारतो. सासूबाई म्हणायच्या, कुणाचं तरी देवाचं होतं, त्यात खिळा मारू नका."

दानिएलने त्या पट्ट्यावर बोटं ठेवली आणि बोटं ओठांना लावली. मग मोरीकडे बघून म्हणाला, "इथं आय कपडे धुवायची." वहिनींनी नऊही जणांना बसवून चहा केला. दूध-मांसाचे, भांड्यांचे आमचे नियम असतात, म्हणून पुढाऱ्याने चहा घेतला नाही. वहिनींना वाईट वाटू नये म्हणून त्याने कप हातात धरून ठेवला आणि निघताना हात जोडले. माणूस वाईट नव्हता हे मला सांगितलंच पाहिजे.

तिथून कल्याण. फाटक मी उघडलं. साराबाईंची कबर डावीकडे मागच्या ओळीत आहे. दगडावर वर हिब्रू, खाली मराठी. 'साराबाई. रेल्वे दवाखान्यातील नर्स. अनेकांची आई.' दानिएल गुडघ्यावर बसला आणि हाताने दगडावरची माती पुसायला लागला. बाकीचे मागे उभे राहिले. मीही टोपी नीट करून त्यांच्या ओळीत उभा राहिलो. दहावा.

पुढारी माझ्याजवळ आला. मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात इंग्रजीत म्हणाला, "क्षमा करा, विचारायला संकोच वाटतो. आपली आई ज्यू होती ना?"

मी म्हटलं, "होती."

"आणि तिची आई?"

"तीही."

"आपल्याकडे काही कागद आहे का? म्हणजे आईवडिलांचा विवाहाचा दाखला वगैरे? बरोबर नसला तरी चालेल, आहे एवढं सांगा. प्रार्थनेचा प्रश्न आहे, म्हणून. आपल्या समाजाबद्दल आमच्याकडे पूर्वी काही वाद होते, आपल्याला माहीत असेल."

मला माहीत होतं. माझ्या सगळ्या समाजाला माहीत आहे. इथून गेलेल्या लोकांना तिकडे लग्न करताना विचारलं जायचं, तुम्ही खरेच आमच्यातले कशावरून. दोन हजार वर्षं नारळीच्या झाडाखाली बसून ज्यांनी शनिवार सोडला नाही, सुंता सोडली नाही, त्यांनी दाखला आणायचा. पण ते तिकडचं होतं, ऐकलेलं होतं. हे माझ्या गावात, माझ्या किल्लीने उघडलेल्या फाटकाच्या आत होतं.

मी मोठ्याने बोललो. इंग्रजीत बोललो, सगळ्यांना कळावं म्हणून. "माझी आई कोण ते विचारायचंय? खाली विचारा. ह्याच बाईने माझी नाळ कापली. तुम्ही जिच्यासाठी प्रार्थना करायला आलात ती आणि माझी आई एका नळावर पाणी भरत होत्या. तिच्यासाठी कद्दिश चालतं आणि तिच्या हातावर जन्मलेला मी चालत नाही?"

मोरोक्कोवाला एक म्हातारा पुढाऱ्याला हिब्रूत काहीतरी तडकाफडकी बोलला. पुढाऱ्याचा चेहरा लाल झाला. तो म्हणाला, "मी नकार देत नाही. आपण फक्त हो म्हणा."

मी दानिएलकडे बघितलं. माझा राग त्याच्यावर होता. तो अजून जमिनीवरच बसलेला, दोन्ही हात मातीने भरलेले. मी मराठीत विचारलं, "तू काय बोलत नाहीस?"

तो म्हणाला, "आयझ्या, जाऊ दे ना. ते सगळ्यांना इचारतात. मला पण इचारलेलं, लग्नाच्या टायमाला."

"आणि तू काय केलंस?"

"दिला कागद. इथून मागवला. चार महिने लागले."

"आणि तुला काही वाटलं नाही?"

"वाटलं ना. पण लग्न करायचं होतं." मग तो उठला, माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "आयसाठी. एकदा बोल, हाय कागद म्हणून. काय जातंय तुझं?"

"माझी आई जाते, दान्या," मी म्हटलं, आणि फाटकाबाहेर निघून गेलो.

बाहेर अल्बर्ट गाडीला टेकून उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. पाण्याची बाटली पुढे केली. मी घेतली नाही. आत त्यांनी स्तोत्रं म्हटली. स्तोत्रांना नऊ जण चालतात. दानिएलचा आवाज सगळ्यांत वेगळा ऐकू येत होता, कारण त्याचे हिब्रू उच्चार अजून आमच्यासारखे होते. मी कान देऊन ऐकत होतो. कद्दिश आलं नाही. येणारच नव्हतं. दहावा फाटकाबाहेर पाठ करून उभा होता.

ते बाहेर आले, प्रथेप्रमाणे हात धुतले. मोरोक्कोवाल्या म्हाताऱ्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि तसाच थोडा वेळ उभा राहिला. पुढारी म्हणाला, "माझ्याकडून दुखावले गेलात. नियम माझा नाही." मी फाटकाला कुलूप घातलं. हॉटेलवर उतरताना दानिएल खिडकीशी आला. म्हणाला, "तुझं बरोबर हाय, आयझ्या. पण माझं उद्या विमान हाय."

मी घरी आलो. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "छान केलंत." आणि थोड्या वेळाने म्हणाली, "पण साराबाईंचं राहिलंच की."

ते वाक्य मला आठवडाभर जेवू देईना. मी बरोबर होतो, हे मी आजही म्हणतो. पण बरोबर असलेल्या माणसाने साठ वर्षांनी आलेल्या मुलाला आईच्या कबरीवरून रिकाम्या तोंडाने परत पाठवलं, हेही मीच केलं. फोन करू, माफी मागू, पुढच्या वर्षी बोलावू, असं मनात यायचं. मग पुन्हा राग यायचा. मी का माफी मागू? असं करत सात महिने गेले. मग त्याच्या मुलीचा इंग्रजीत निरोप आला. वडील गेले. हृदय. त्यांच्या फोनमध्ये तुमचं नाव होतं म्हणून कळवते आहे.

मी ठरवलं, कल्याणला जाऊन साराबाईंसाठी आणि दानिएलसाठी कद्दिश म्हणायचं. त्यासाठी दहा माणसं जमवायची. लहानपणी हे काम म्हणजे चाळीच्या गॅलरीत उभं राहून एक हाक मारणं होतं. आता दोन दिवस फोन करत बसलो. एकाचं डायलिसिस, एकाचे गुडघे, एक मुलाकडे इस्राएलला, हैफाला, एकाच्या घरून कळलं की तो गेल्याच महिन्यात वारला आणि मला कुणी कळवलंही नव्हतं. शेवटी रविवारी सकाळी दहा वाजता नऊ जण जमलो. कुणी कोपरीहून आलेलं, कुणी कळव्याहून, दोघे डोंबिवलीचे. दहावा रूबेन, घोडबंदर रोडला राहणारा, आयटीतला. साडेनऊलाच त्याचा फोन, "काका, गायमुखला अडकलोय. ट्रेलर आडवा झालाय. काहीच हलत नाहीये." पठ्ठ्या सकाळीच गुजरातवरून परत येत होता.

आम्ही थांबलो. ऊन चढलं. अल्बर्ट पहाटेपासून येऊन कोयत्याने साराबाईंच्या ओळीतलं गवत कापत होता. आता काम संपवून, हात धुऊन, खिशातली टोपी घालून तो आमच्याजवळ येऊन उभा राहिला.

शालोमभाऊ आमच्यातले सगळ्यांत वयस्क, पंच्याऐंशीचे. ते उन्हात हेलकावे खात होते. म्हणाले, "आयझॅक, किती झालो?"

मी मोजलं. आमच्यात माणसांची डोकी मोजत नाहीत, धर्मग्रंथातल्या एका वचनात दहा शब्द आहेत, ते म्हणत मोजतात. नऊ शब्द झाले आणि दहाव्यावर माझी नजर अल्बर्टवर आली.

मी थांबलो.

वाचकहो, मी खोटं लिहू शकलो असतो. लिहू शकलो असतो की मी अल्बर्टच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, दहा झाले, सुरू करा. तसं झालं नाही. माझ्या तोंडून निघालं, "जरा थांबू. रूबेन येतोच आहे."

अल्बर्टने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. त्याने मान हलवली, म्हणजे बरोबर आहे अशी, आणि चार पावलं मागे होऊन आंब्याखाली उभा राहिला. कुणी सांगितलं नव्हतं. त्याला सवय होती. ज्या कबरस्तानातलं गवत तो वीस वर्षं कापतोय, त्यात किती अंतरावर उभं राहायचं ते त्याला पाठ होतं. आणि मी, त्या काळ्या कोटवाल्याला तीन पिढ्यांचा हिशेब सुनावणारा मी, त्याच्यापेक्षा एका बाबतीत वाईट निघालो. त्याने निदान तोंडाने विचारलं होतं.

पावणेबाराला रूबेन आला. घामाघूम, माफी मागत. दहा झाले. कुणाला काही ठरवावं लागलं नाही आणि मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचा मला जो संताप आला, तेवढा त्या पुढाऱ्याचाही आला नव्हता.

मी अल्बर्टपाशी गेलो. म्हटलं, "चल, पुढे ये. आमच्यात उभा राहा."

तो म्हणाला, "राहू द्या काका. दहा झालेत ना आता? मी इथूनच आमेन म्हणतो."

मी जागेवर येऊन उभा राहिलो. साराबाईंचं नाव घेतलं, दानिएलचं घेतलं. कद्दिशमध्ये मरणाचा एक शब्दही नसतो, नुसती देवाची स्तुती असते. ती मी दात-ओठ खात म्हटली. देवाला तशी चालत असेल तर त्याने घ्यावी. मधेमधे थांबायचं असतं, तिथे सगळ्यांनी आमेन म्हणायचं. शालोमभाऊंना ऐकू कमी येतं, रूबेन धापा टाकत होता, बाकीचे पुटपुटले. आंब्याखालून मात्र प्रत्येक वेळी आमेन आला. वेळेवर, खणखणीत.